पेन्शन राहील का? आधी सेवापुस्तक उघडा

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली की माणूस आस्थापनेच्या टेबलापाशी येतो, खुर्ची ओढतो आणि विचारतो, "पेन्शन राहील ना हो?" कपाटातून सेवापुस्तक काढून पानं उलटायला लागलं की दहाव्या मिनिटाला दुसरा प्रश्न येतो, "ही अठ्ठ्याण्णव सालची पडताळणीची सही कुठंय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मंत्रालयात, दिल्लीत आणि थोडंफार न्यायालयात ठरतं. दुसऱ्याचं मात्र आपल्याच कार्यालयात मिळतं, आणि पैसे बहुतेक वेळा तिथंच अडकतात. निवृत्तिवेतनाची प्रकरणं तयार करताना जे सतत समोर येतं, ते त्याच क्रमाने इथे मांडतो.

सगळ्यात आधी नियुक्तीची तारीख, कारण जुनी पेन्शन योजना (शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई वाढ) लागू की नवी, हे तिच्यावर ठरतं. केंद्र सरकारात १ जानेवारी २००४ ला किंवा नंतर रुजू झालेले (सैन्यदलं सोडून) राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये. महाराष्ट्र शासनात ही रेषा १ नोव्हेंबर २००५ ची आहे. राज्याने सुरुवातीला आपली परिभाषित अंशदान योजना, म्हणजे डीसीपीएस आणली आणि पुढे ती एनपीएसमध्ये गेली. रेषेच्या अलीकडे-पलीकडे महिना-दोन महिन्यांनी रुजू झालेल्यांचं प्रकरण वेगळं तपासावं लागतं. पदाची जाहिरात जुन्या काळात निघाली पण नियुक्ती नंतर मिळाली, अशांना केंद्राने ३ मार्च २०२३ च्या आदेशाने एकदाच विकल्प दिला. तिथे कसोटी २२ डिसेंबर २००३ ही आहे, कारण एनपीएसची अधिसूचना त्या दिवशीची. राज्यानेही २०२४ च्या सुरुवातीला, जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल तर असाच विकल्प दिला. घोळ होतो तो पुराव्याचा. नियुक्ती आदेश सगळ्यांकडे असतो, जाहिरातीचं कात्रण कुणाकडे नसतं. आदेशाच्या संदर्भ ओळींत जाहिरात क्रमांक बहुधा लिहिलेला असतो. तो घेऊन भरती करणाऱ्या कार्यालयाकडून प्रमाणित प्रत मागवायची.

दुसरं उपप्रकरण आधीच्या नोकरीचं. २००५ पूर्वी एका खात्यात लागले आणि नंतर दुसऱ्या खात्यात गेले, अशांची जुनी सेवा जोडली जाते का, हे एका शब्दावर ठरतं. आधीच्या कार्यालयामार्फत अर्ज केला असेल आणि राजीनामा 'तांत्रिक' म्हणून मंजूर असेल तर दार उघडं राहतं. परस्पर अर्ज करून साधा राजीनामा दिला असेल तर बहुतेक वेळा बंद. राजीनामा मंजुरीचा आदेश काढून तो शब्द तिथे आहे का, हे आजच पाहा.

आता सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतल्या प्रत्येक घडामोडीची नोंदवही. जुन्या योजनेतल्या माणसाचं पुस्तक पेन्शन मंजुरीसाठी महालेखाकारांच्या कार्यालयाकडे जातं. मुंबई कार्यालयाकडे कोकण, पुणे आणि नाशिक विभाग, नागपूरकडे विदर्भ आणि मराठवाडा. तिथे बसलेला लेखापाल तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे ते पुस्तक. पहिल्या पानावरची जन्मतारीख अंकी आणि अक्षरी सारखी हवी, खाडाखोड असेल तर त्यावर कार्यालय प्रमुखाची सही हवी. नाव सेवापुस्तकात एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं आणि बँकेत चौथं, हे इतक्यांदा दिसतं की आता नवल वाटत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत राजपत्रातली प्रसिद्धी आणि सेवापुस्तकातली नोंद असे दोन्ही कागद लागतात. एकावर भागत नाही.

दरवर्षीची सेवा पडताळणी हा सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात महाग भाग. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतची सेवा वेतन देयकांवरून पडताळली' ही एक ओळ आणि खाली सही. बदली झाली की जुनं कार्यालय म्हणतं नवं करील, नवं म्हणतं जुन्याने करायला हवी होती, आणि मधले सात-आठ महिने अधांतरी राहतात. वीस वर्षांनी ते भरायचे तर त्या काळातली वेतन देयकं शोधावी लागतात. ती एखाद्या तळघरात असतात, नाहीतर मुदत संपल्यामुळे नष्ट केलेली असतात. अशा वेळी वेतनातून झालेली भविष्य निर्वाह निधीची कपात, गट विम्याची वर्गणी, बदलीचं अंतिम वेतन प्रमाणपत्र, हजेरीपट असे आजूबाजूचे पुरावे गोळा करून सेवा सिद्ध करावी लागते. होतं, पण सहा महिने जातात.

कार्यमुक्त झाल्यापासून नव्या जागी रुजू होईपर्यंतचे दिवस कशात धरले, याचीही नोंद हवी. पदग्रहण अवधीपेक्षा, म्हणजे रुजू व्हायला मिळणाऱ्या मुदतीपेक्षा, चार दिवस जास्त लागले आणि ते कुठल्याच रजेत बसवले नाहीत, तर तेवढ्यावरून प्रकरण परत येतं. असाधारण (बिनपगारी) रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर होती की त्याशिवाय, हे लिहिलेलं नसेल तर ती अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजल्या जाणाऱ्या, सेवेत धरावी की वजा करावी असा आक्षेप निघतो. संपाचे दिवसही तपासा. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० तारखेपर्यंत संप झाला; ज्यांनी भाग घेतला त्यांच्या पुस्तकात त्या दिवसांचं काय केलं हे स्पष्ट दिसायला हवं. पेन्शनसाठी केलेल्या संपाचीच नोंद पेन्शनच्या आड यावी, हे मजेशीर वाटलं तरी टेबलावर ते मजेशीर राहत नाही.

त्यानंतर वेतननिश्चितीची पडताळणी. प्रत्येक वेतन आयोगानंतर, पदोन्नतीनंतर, कालबद्ध पदोन्नतीनंतर वेतन ठरवलं जातं आणि ते बरोबर की चूक हे वेतन पडताळणी पथक पाहतं. पथकाचा शिक्का नसेल तर प्रकरण पुढे सरकत नाही. आणि पथकाकडे पुस्तक निवृत्तीच्या तोंडावर गेलं की अतिप्रदान निघतं: १५ वर्षांपूर्वी एक वेतनवाढ चुकून आधी दिली, तिथून पुढचा प्रत्येक महिना थोडा जास्त, आणि एकूण वसुली लाखात. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असावेत. डिसेंबर २०१४ च्या रफीक मसीह प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की गट क आणि ड च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, त्यांची चूक नसताना अशी वसुली करू नये. जुलै २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात मात्र, वेतननिश्चितीच्या वेळी 'जास्त दिलं गेल्यास परत करीन' असं वचनपत्र लिहून दिलेलं असेल तर वसुली योग्य ठरवली. ते वचनपत्र सगळ्यांनीच दिलेलं असतं, न वाचता, विकल्पाच्या अर्जासोबत. म्हणून पथकाकडे पुस्तक शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नका. वेतननिश्चिती झाली की त्याच वर्षी पाठवा. चूक निघाली तर हजारांत निघते.

कागद नीट असतील तर पुढचं काम सरळ असतं. दोन वर्षं आधी सेवेची उजळणी, सहा महिने आधी प्रस्ताव महालेखाकारांकडे. सोबत पती-पत्नीचे एकत्र फोटो, नमुना सह्या, ओळखचिन्हं, कुटुंबाचा तपशील, नामनिर्देशन, ना-देय आणि ना-चौकशी प्रमाणपत्र. शासकीय घरात राहत असाल तर त्याचं ना-देय प्रमाणपत्र सगळ्यात उशिरा येतं, तिथून सुरुवात करा. सगळं पटलं तर तीन आदेश निघतात: निवृत्तिवेतनाचा, उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) आणि अंशराशीकरणाचा. विभागीय चौकशी चालू असेल तर तात्पुरतं निवृत्तिवेतन सुरू होतं, पण उपदान अडकून राहतं.

अंशराशीकरण म्हणजे पेन्शन 'विकणं', पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेणं. केंद्राच्या कोष्टकाने ६० व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचं एक उदाहरण घेऊ. शेवटचं मूळ वेतन ६१,३०० रुपये, म्हणजे पेन्शन ३०,६५०. त्यातले जास्तीत जास्त ४० टक्के, १२,२६० रुपये विकता येतात. वर्षाचे झाले १,४७,१२०, गुणिले कोष्टकातला गुणक ८.१९४, हातात साधारण १२ लाख ५ हजार ५०० येतात. दरमहा पेन्शन १८,३९० वर येते, पण महागाई वाढ पूर्ण ३०,६५० वर मिळते, हे अनेकांना ठाऊक नसतं. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो.

एनपीएसमध्ये सेवापुस्तकाची जागा प्रान (एनपीएसचा कायम खाते क्रमांक) खात्याच्या विवरणपत्राने घेतली आहे. बारा आकडी प्रान, मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के तुमचे आणि १४ टक्के सरकारचे. केंद्राने सरकारी हिस्सा १ एप्रिल २०१९ पासून १० चा १४ केला. वर्षात १२ हप्ते दोन्ही बाजूंनी जमा झालेत का, एवढंच मोजायचं. हे कुणी मोजत नाही. वेतन चिठ्ठीवर कपात दिसली की पैसे पोचले असं धरलं जातं. प्रत्यक्षात आहरण व संवितरण अधिकारी (पगाराचं देयक काढणारा), कोषागार, अभिलेख ठेवणारी संस्था आणि विश्वस्त बँक अशा चार टप्प्यांतून रक्कम जाते. यादीत प्रानचा एक आकडा चुकला किंवा बदलीनंतर खातं नव्या कार्यालयाकडे वळवायचं राहिलं की महिना गळतो. डीसीपीएसच्या काळातल्या रकमा प्रानमध्ये वर्ग होताना बऱ्याच ठिकाणी अशाच गाळात राहिल्या. गळालेल्या रकमेची किंमत काय? एका वर्षाचे गळालेले ६०,००० रुपये वीस वर्षं ९ टक्क्यांनी वाढले असते तर ३ लाख ३६ हजार झाले असते. निवृत्तीच्या वेळी नुसती मुद्दल शोधून देण्याने ते भरून येत नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये विवरणपत्र छापा, वेतन चिठ्ठ्यांशी ताडा, तफावत असेल तर महिना लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं सहाय्यक बदलला की संपतं.

एनपीएसमध्ये नामनिर्देशन हा दुसरा कच्चा दुवा. लग्नाआधी वडिलांचं नाव टाकलेलं असतं आणि तेच राहतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांनी याशिवाय आणखी एक विकल्प भरलेला असावा लागतो: सेवेत मृत्यू आल्यास कुटुंबाला जुन्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन द्यायचं की एनपीएसचा साठा. राज्यातही ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांना सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान, तसंच सेवानिवृत्ती उपदान लागू झालं. त्या निर्णयाची प्रत घरच्यांना कुठे ठेवलीय ते सांगून ठेवा. आपण गेल्यावर ती शोधायला आपण नसतो.

निवृत्तीच्या दिवशी एनपीएस काय देते? साठा १ कोटी झाला असं धरू. जास्तीत जास्त ६० टक्के रोख, किमान ४० टक्क्यांची वार्षिकी (ॲन्युइटी, म्हणजे ठोक रक्कम देऊन विकत घेतलेली पेन्शन) विमा कंपनीकडून घ्यावी लागते. ४० लाखांवर साडेसहा टक्के दर मिळाला तर वर्षाला २ लाख ६० हजार, महिन्याला २१,६६७. ही रक्कम गोठलेली असते, महागाई वाढ नाही. महागाई ५ टक्के धरली तर वीस वर्षांनी या पैशांत आजच्या आठेक हजारांचं सामान येईल. एनपीएसवरचा कर्मचाऱ्यांचा खरा राग इथे आहे, शेअर बाजारावर नाही. बाजाराने तीस वर्षांत बरं दिलं तरी वार्षिकी महागाईशी धावत नाही.

याच रागातून केंद्राची युनिफाइड पेन्शन स्कीम, यूपीएस, आली: मंजुरी २४ ऑगस्ट २०२४, लागू १ एप्रिल २०२५. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने केंद्राच्या मंजुरीनंतर दुसऱ्याच दिवशी ती राज्यात आणण्याचा निर्णय घेतला. राज्य कर्मचाऱ्यांनी एक भान ठेवावं: केंद्राची अधिसूचना आणि राज्याचा शासन निर्णय हे दोन वेगळे कागद आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी गणितं बहुतेक केंद्राची असतात. खालची गणितंही केंद्राच्या तरतुदींवरच आहेत.

२५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी हमी रक्कम आणि त्यावर महागाई वाढ. 'सरासरी' हा शब्द नीट वाचा. शेवटच्या वर्षात सहा महिने ५९,५०० आणि सहा महिने ६१,३०० असेल तर सरासरी ६०,४०० आणि हमी ३०,२००. जुन्या योजनेत शेवटचं वेतन धरून ३०,६५० आले असते. फरक छोटा आहे. मोठे फरक पुढे आहेत.

सेवा २० वर्षं असेल तर २५ च्या प्रमाणात, म्हणजे ३०,२०० ऐवजी २४,१६०. दहा वर्षांना किमान १०,००० रुपये. राजीनामा दिला किंवा बडतर्फ झालात तर हमी नाही. २० वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पण रक्कम सुरू होते ती तुम्ही नियत वयाने निवृत्त झाला असता त्या तारखेपासून. ५२ व्या वर्षी बाहेर पडलात तर आठ वर्षं दरमहा काही नाही. निवृत्तीला दर पूर्ण सहा महिन्यांमागे वेतन अधिक महागाई भत्त्याच्या एक-दशांश एवढी ठोक रक्कम मिळते. महागाई भत्ता ५० टक्के धरला तर ६१,३०० वर वेतन ९१,९५० होतं. तीस वर्षांचे ६० अर्धवर्ष गुणिले ९,१९५ म्हणजे ५ लाख ५१ हजार ७०० रुपये. उपदान वेगळं.

यूपीएसमध्ये सगळ्यात कमी वाचली जाणारी अट साठ्याची आहे. तुमच्या खात्यातली रक्कम एका प्रमाण साठ्याइतकी हवी; तो साठा सगळे हप्ते वेळेवर आले आणि ठरलेल्या पद्धतीने गुंतवले असं धरून मोजतात. तुमचा साठा कमी भरला, मग तो आधी रक्कम काढल्यामुळे असो की वेगळा गुंतवणूक पर्याय घेतल्यामुळे, तर तूट भरून द्यायची, नाहीतर हमी त्याच प्रमाणात कापली जाते. म्हणजे वर सांगितलेले गळालेले हप्ते इथेही आडवे येऊ शकतात. जुन्या योजनेसारखी हमी आहे म्हणून विवरणपत्र बघायचं सोडून देणारे इथे फसतील.

आणि कुटुंब. कर्मचारी गेल्यावर ६० टक्के रक्कम मिळते ती निवृत्तीच्या तारखेला कायदेशीर विवाहित असलेल्या जोडीदाराला. जुन्या नियमांत पात्र मुलं, अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी, दिव्यांग अपत्य यांनाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं; यूपीएसच्या हमीत ती साखळी जोडीदारापाशी थांबते, आणि दोघांच्या पश्चात साठा वारसांना मिळत नाही. घरात दिव्यांग मूल असेल तर हा एकच मुद्दा बाकीच्या सगळ्या गणितावर भारी आहे. एनपीएसमध्ये खरेदी रक्कम परत देणारी वार्षिकी घेतली तर निदान मूळ ४० लाख वारसांपर्यंत पोचतात. केंद्राने यूपीएसमधून एनपीएसमध्ये परत जायला एक संधी ठेवली आहे, निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या तीन महिने आधीपर्यंत.

राहिला मूळ प्रश्न, पेन्शन राहील का. डी. एस. नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची मेहेरबानी नसून हक्क आहे असं म्हटलं. देशभरचे निवृत्त तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. मंजूर झालेलं मासिक निवृत्तिवेतन सहजासहजी कुणी बंद करत नाही. कात्री लागते ती कडेने. जानेवारी २०२० ते जून २०२१ या काळात केंद्राने महागाई भत्ता आणि महागाई वाढीचे तीन हप्ते गोठवले आणि त्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेत निधी न उभारलेल्या, कर्मचाऱ्यांचा हिस्सा नसलेल्या पेन्शन योजनांच्या खर्चाचा विचार करण्याचं कलम आहे. निवृत्तांच्या संघटना त्यावर बोट ठेवतात ते उगाच नाही. दुसऱ्या बाजूने राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेशाने जुनी योजना परत आणली, पण एनपीएसमध्ये साठलेले पैसे राज्यांना परत देण्याची तरतूद नाही असं केंद्राने सांगितलं. जुनी योजना वर्षाच्या महसुलातून चालते, त्यासाठी वेगळा पैसा बाजूला काढलेला नसतो. त्यामुळे आज पंचेचाळिशीत असलेल्याने आपलं गणित महागाई वाढ उशिरा मिळेल असं धरून करावं आणि उपदान व अंशराशीकरणाचे पैसे मुलाच्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यात एकदम घालू नयेत.

आदेश हातात आल्यावर एक काम उरतं आणि ते बहुतेक जण करत नाहीत. निवृत्तिवेतन प्रदान आदेशावर जोडीदाराचं नाव असतं, जन्मतारखेची जागा कधी कधी रिकामी असते. केंद्राच्या नियमांत ८० वर्षं पूर्ण झाल्यावर २० टक्के, ८५ ला ३० टक्के असं वाढतं जादा निवृत्तिवेतन कुटुंब निवृत्तिवेतनधारकालाही मिळतं आणि बँक ते त्या रकान्यावरूनच सुरू करते. रकाना कोरा असेल तर ऐंशी वर्षांच्या बाईला आपल्या जन्माचा दाखला शोधत फिरावं लागतं. आदेश आल्याच्या आठवड्यात तो रकाना पाहा, रिकामा असेल तर आधार आणि शाळेच्या दाखल्याची प्रत लावून कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. तेव्हा सही करायला तुम्ही स्वतः हजर असता.